ऑपरेशननंतर खाणं वाढलं, म्हणजे काय झालं?

वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीबद्दल, एक प्रश्न हमखास येतो. सुरुवातीला चार चमचे वरण-भातात पोट भरायचं, आता वर्षभरानंतर अख्खी पोळी जाते. जठर परत मोठं झालं का? ऑपरेशन वाया गेलं का? विचारणाऱ्याच्या आवाजात भीती असते, थोडी लाजही. याचं उत्तर मला इतिहासात सापडतं, कारण या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे 'नंतर किती खायचं' या प्रश्नाशी चाललेली झटापटच आहे.

गंमत बघा, पहिल्या सर्जनांनी हा प्रश्न बाजूलाच ठेवला होता. 1954 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात आर्नल्ड क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले: लहान आतड्याचा मोठा भाग वाटेतून वगळायचा. पुढे माणसांवर हेच सुरू झालं. 1969 च्या सुमारास पेन आणि डीविंड यांची पद्धत गाजली. वरचं 14 इंच आतडं खालच्या 4 इंचांना जोडायचं, म्हणजे साधारण 20 फुटांपैकी जेमतेम दीड फूट कामाला. हवं तेवढं खा, अंगी लागणारच नाही!

पण अंगी लागेना ते सगळंच. प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत. सतत जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, आणि काहींचं यकृत निकामी. माणसं दगावली. कित्येकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. 1980 च्या आसपास हे ऑपरेशन जवळपास बंदच झालं.

दरम्यान आयोवात एडवर्ड मेसन वेगळा विचार करत होते. अल्सरसाठी जठराचा बराचसा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढता वाढत नाही, हे सर्जनांना माहीत होतं. सगळे त्याला दुष्परिणाम म्हणत. मेसननी तोच कामाला लावला. 1966 मध्ये चिकाशी इतो यांच्यासोबत त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केला. आता खाणंच कमी जाणार होतं.

मेसन तिथंच थांबले नाहीत. आतड्याला हातच न लावता, स्टेपल मारून जठर लहान करायचं आणि तोंडाशी पट्टी बसवायची, असं सोपं ऑपरेशन त्यांनी 1980 च्या सुमारास आणलं. इथं मात्र जिभेनं मात केली. पोळी अडकायची, पण आइस्क्रीम आणि मिल्कशेक सुर्रकन खाली! रिचमंडच्या हार्वे शुगरमन यांनी 1987 मध्ये दोन्ही ऑपरेशनांची तुलना मांडली. बायपास सरस ठरला, आणि फरक ठळक दिसला तो गोडखाऊ लोकांत. बायपासनंतर गोड जास्त खाल्लं तर धडधड, घाम, पोटात कळा. मग माणूस आपसूक हात आखडतो.

म्हणून मला वाटतं, 'किती'पेक्षा 'काय वाढलं' हे आधी विचारावं. अर्ध्या पोळीची एक पोळी होणं वेगळं, आणि दिवसभर गोड चहा-बिस्किटं चालू होणं वेगळं.

आता आकडे. स्वीडनमध्ये 1987 पासून सुमारे 2,000 शस्त्रक्रिया झालेल्यांचा आणि तितक्याच न झालेल्यांचा दीर्घ अभ्यास झाला. शस्त्रक्रियेआधी लोक रोज साधारण 2,900 कॅलरी खात असल्याचं सांगत होते. सहा महिन्यांनी 1,500. पुढच्या वर्षांत आकडा चढून 2,000 च्या आसपास आला. (लोक स्वतःचं खाणं कमीच सांगतात, तेवढं लक्षात ठेवा!) त्यातल्या बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत 32 टक्के घटलं होतं, दहा वर्षांनीही घट 25 टक्के होती. म्हणजे खाणं वाढलं, थोडं वजन परत आलं, आणि तरी बहुतेक घट टिकली. वजन झपाट्यानं चढत असेल तर मात्र सर्जन आणि आहारतज्ज्ञाला गाठायचं, घरी बसून उपास करायचे नाहीत.

भूकच मुळात का बदलते, ही गोष्ट 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडलेल्या घ्रेलिनपासून सुरू होते. ती पुढच्या भागात.