वाद्याला स्मृती कशी मिळाली?

सनईचा नाद सनईच्या घडणीत असतो आणि पेटीचा तिच्या पितळी पट्ट्यांत. वादक उठून गेला तरी नाद वाद्यातच राहतो. सिंथेसायझरचे तसे नाही. त्यातील विद्युत मंडले कंपने निर्माण करतात आणि मंडलांची जोडणी व बटणांची स्थिती यांवर नाद ठरतो. बटणे फिरवली की आधीचा नाद गेला. तो जपायचा कसा, हा प्रश्न या वाद्याबरोबरच जन्माला आला.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला सिंथेसायझर तयार केला. त्याची मंडले वायरींनी एकमेकांना जोडावी लागत. या जोडणीला ‘पॅच’ म्हणत. पुढे वायरी गेल्या, पण साठवलेल्या नादाला हेच नाव राहिले. आपल्या देशात १९६९ मध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यंत्र उभारले. तेथे झालेले काम ध्वनिफितींवर टिकले आहे. फीत झालेला नाद ऐकवते. वायरी कशा जोडल्या होत्या ते मात्र सांगत नाही. १९७० च्या मिनीमूगमध्ये वायरींचे जंजाळ नव्हते, पण स्मृतीही नव्हती. वादक बटणांचे चित्र असलेल्या कागदावर प्रत्येक बटणाची खूण करून ठेवत.

नादाऐवजी आकडे

१९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या ‘प्रॉफेट-५’ने हा कागद वाद्याच्या पोटात नेला. प्रत्येक बटणाची स्थिती म्हणजे एक विद्युतदाब. मायक्रोप्रोसेसर तो मोजतो, त्याचा आकडा करून स्मृतीत ठेवतो आणि मागितल्यावर त्या आकड्यापासून पुन्हा तोच दाब तयार करतो. असे ४० नाद या वाद्यात राहत आणि एक कळ दाबताच हजर होत.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना नीट समजावून द्यायला हवी. स्मृतीत नाद नसतो, नादाची कृती असते. पाककृतीच्या वहीत पुरणपोळी नसते, तसेच हे. १९८३ च्या यामाहा ‘डीएक्स-७’मध्ये एका नादाची कृती १२८ बाइटांत मावे. अशा ३२ नादांची एक बँक म्हणजे ३२ × १२८ = ४०९६ बाइट. आता सीडीशी तुलना करू. सीडीवर एका सेकंदाच्या ध्वनीला ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे ३२ नादांच्या कृती जेवढ्या जागेत राहतात, तेवढ्यात सीडीचा सेकंदाचा जेमतेम त्रेचाळिसावा भाग मावतो!

कार्ड, बँक आणि क्रमांक

वाद्यातील जागा अपुरी पडू लागली, तेव्हा बाहेरून खोचायची साठवण आली. डीएक्स-७ला कार्ट्रिज होते. रोलँड डी-५० (१९८७) आणि कॉर्ग एम-१ (१९८८) यांना सपाट कार्डे होती. काही कार्डांतील मजकूर कारखान्यातच पक्का केलेला असे. ज्यांवर वादकाला स्वतःचे नाद लिहिता येत, त्यांतील स्मृती मात्र नाण्याएवढ्या लिथियम सेलवर जगे. सेल संपला की कित्येक रात्री बसून घडवलेले नाद नाहीसे होत.

दुसरा धोका क्रमांकांचा. क्रमांक हा नुसता पत्ता असतो. बँक बदलली की त्याच पत्त्यावर दुसराच नाद राहतो. चुकीच्या जागी नवा नाद लिहिला, की जुना पुसला जातो. म्हणूनच वाद्यात लेखनाला कुलूप घालण्याची सोय ठेवलेली असते. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ प्रमाणाने १२८ क्रमांकांना ठरलेली नावे दिली. त्या यादीत १०५ वर सितार आणि ११२ वर सनई आहे. तरीही दोन कंपन्यांच्या वाद्यांतील सितार सारखी वाजत नाही, कारण नाव एक असले तरी कृती वेगळी.

यावर उपायही १९८३ च्या मिडी जोडणीनेच दिला. तिच्यातून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका बाइटमागे १० बिट लागतात. म्हणजे ४०९६ बाइटांची बँक संगणकात उतरवायला सुमारे १.३ सेकंद पुरतात. क्रम मात्र पाळायला हवा: आधी प्रत काढावी, ती परत वाद्यात घालून तपासावी आणि मगच सेल बदलावा.

मिनीमूगच्या वादकाने खुणा केलेला कागद आजही वाचता येतो. कार्ड वाचायला मात्र जिवंत सेल हवा, ते ज्यात बसते असे वाद्य हवे आणि त्या आकड्यांचा अर्थ जाणणारे यंत्र हवे. साठवण जितकी आटोपशीर, तितकी ती वाचणाऱ्यावर अधिक अवलंबून असते. तेव्हा जपायचे असेल तर आकड्यांबरोबर ते वाचण्याची रीतही जपली पाहिजे.