मोजलेले नमस्कार, न मोजलेली वीज

आमचे आबा पहाटे अंधारातच परड्यात घोंगडं अंथरून सूर्यनमस्कार घालत. सूर्याची बारा नावं घेऊन झाली की एक खडा बाजूला ठेवायचा. असे चार खडे झाले की बैलं सोडून मोटेवर. न्याहरीला शाळूच्या दोन भाकरी, कांदा आणि हुलग्याचं माडगं. तिसरी भाकरी मोट सुटल्यावरच. “मोजलेलं अंगी लागतं,” असं ते म्हणायचे. आज सत्तरीत मीही बारा नमस्कार घालतो आणि दोन भाकरींवर थांबतो, ते त्यांच्यामुळेच.

आमचं गाव कुंडलच्या शिवेलगतचं, म्हणजे जुन्या औंध संस्थानातलं. 1909 साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत. शाळाशाळांतून पोरापोरींकडून ते घालून घेण्याचा परिपाठ त्यांनीच सुरू केला. आबांनीही नमस्कार शाळेतच उचलला. 1938 साली लंडनहून निघालेल्या राजांच्या इंग्रजी पुस्तकात नमस्काराइतकाच साध्या आहाराचाही विचार होता.

याच राजाने 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली. निवडुंगाच्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून आधी लोखंडी नांगर, मग पंप बाहेर पडू लागले. माणसाच्या अंगात बळ हवं आणि त्याच्या हाताला यंत्रही हवं, या दोन्ही गोष्टी एकाच राजाने एकाच मुलखात रुजवल्या.

मोट मी डोळ्यांनी पाहिली आहे. बैलं धावेवरून उतरायची, नाडा ताणला जायचा, चाक कुरकुरायचं आणि चामड्याच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात कोसळायचं. तिथून पाटाने वाफ्यात. बैल किती दमले यावरून पाणी किती उपसलं ते कळायचं, म्हणून एकही वाफा फुटू द्यायचे नाहीत. पाणी पाजणाऱ्याचं आणि मोट हाकणाऱ्याचं लक्ष एकमेकांवर असायचं.

1968 च्या सुमारास आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसली. बैलांचे हाल संपले, याचा आनंद आबांना सगळ्यांत जास्त झाला. तेव्हा मीटर होता. भिजणं संपलं की ते स्वतः जाऊन बटण बंद करत. हिशेब साधा आहे. अशी मोटर आठ तास चालली की सुमारे तीस युनिट वीज लागते. दिवसभर राबणाऱ्या गड्याची अंगमेहनत युनिटात मांडली तर जेमतेम अर्धा-पाऊण युनिट भरते. म्हणजे एका दिवसात चाळीस ते साठ गड्यांचं बळ विहिरीत उतरतं!

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतीची वीज मीटरवरून हॉर्सपॉवरवर आली. मोटर तास चालवा की आठ तास, बिल तेच. वीज रात्री-अपरात्री येऊ लागली, तशी शेतकऱ्याने मोटरीला ‘ऑटो’ जोडला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. माणूस घरी झोपलेला आणि ऊस पाण्यात उभा. यात एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. रात्री दोनला साप-विंचवात दारं धरायला कोण जाणार? पण कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या भागात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी पाहिल्या की पोटात कालवतं. आमचीही दीड एकर पांढरी पडली आहे. तिथे शाळू उगवत नाही.

मीटर नसल्याचा दुसरा तोटा आणखी मोठा. चोरी आणि गळतीही शेतीच्या नावावर घालता येते. 1999 साली राज्यात वीज नियामक आयोग आला आणि त्याने तपासणी केली, तेव्हा खरी गळती कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठी निघाली. तरीही धडा घेतला गेला नाही. 2004 च्या निवडणुकीआधी वीज मोफत झाली आणि निवडणुकीनंतर ती सवलत मागे घेतली गेली. एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज आहे.

शेतकऱ्याला मदत हवीच, मी स्वतः शेतकरी आहे. पण तिजोरीतून जाणारा पैसा पिकाच्या मुळाशी किती पोचतो आणि वाटेत किती मुरतो, हे कुणी मोजतच नसेल तर त्याला मदत म्हणू नये. प्रत्येक पंपाला मीटर बसवा, दिवसा आठ तास वीज द्या आणि एकरी ठरलेल्या युनिटांचं अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यावर टाका. जो वीज वाचवेल, त्याच्याकडे तो पैसा राहू दे. आणि माझ्या शेतकरी भावांनो, सरकार मोजो न मोजो, आज रात्री मोटरीचा ऑटो तेवढा काढून ठेवा.