वामनदादांचा पहिला संग्रह आणि कापलेला शेवटचा अंतरा

सध्या 'इंडी' संगीताची मोठी चर्चा आहे. कोणत्याही कंपनीचा आधार न घेता स्वतः गीत लिहायचे, स्वतःच गायचे, आपल्या मनातली उदासी न लपवता मांडायची, आणि मग त्या कलावंताचा पहिला अल्बम आला की त्यावर लेख छापून येतात. आमच्या जुन्या जालन्यातली पोरेही ही गाणी ऐकतात. जरूर ऐकावीत. पण ही रीत नवी आहे असे कुणी सांगू लागले, तर ते आम्हाला मान्य नाही. लोकशाहीर वामनदादा कर्डक हीच वाट ऐंशी वर्षांपूर्वी चालू लागले होते.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ते काम केले. कुणीतरी पत्र वाचून मागितले आणि आपल्याला वाचता येत नाही, याची लाज मनाला डसली. मग देहलवी मास्तरांकडून बाराखडी शिकले आणि दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरे पक्की केली. 3 मे 1943 रोजी त्यांनी पहिले गीत रचले. 'वाटचाल' हा त्यांचा पहिला गीतसंग्रह आला तो 1973 साली.

मधली तीस वर्षे आपण नीट मोजली पाहिजेत. वामनदादांनी त्या काळात लिहिणे थांबवले नव्हते. ते गावोगाव गात होते आणि लोक ती गीते वहीत उतरवून घेत होते, पाठ करत होते. लोकांच्या तोंडी बसलेल्या कवीला पुस्तक मिळायला पन्नाशी गाठावी लागली. हा उशीर त्यांच्या प्रतिभेचा नव्हता. कोणाचे शब्द छापण्यालायक, हे ठरवणारी दारे आपल्यासाठी बंद होती. म्हणून आपल्या इतिहासात 'स्वतंत्र कलावंत' ही हौस नव्हती, ती सक्ती होती.

उदासीचेही तेच. वामनदादांचा पहिला संसार मोडला. मीरा नावाची लेक लहानपणीच गेली. हे दुःख त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत होते. पण आपण त्यांना फक्त स्फूर्तीचा शाहीर केले. जयंतीला नाचायला लावणारी गीते घेतली आणि एकट्या माणसाचा हुंदका बाजूला ठेवला. दलित माणसाने एकतर लढावे नाहीतर रडावे, अशी वाटणी प्रस्थापितांनी केली होती. ती आपणही मान्य करायची का? वामनदादांनी हे दोन्ही एकाच गळ्यातून गायले.

1973 हे साल आठवा. महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता, मराठवाड्यातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. आदल्या वर्षी, 1972 मध्ये, दलित पँथर स्थापन झाली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. 'गोलपिठा'ची नोंद वाङ्मयाच्या इतिहासाने घेतली, घ्यायलाच हवी होती. 'वाटचाल'ला मात्र 'लोकगीते' म्हणून वेगळ्या पंगतीला बसवले. गायले जाते ते साहित्य नाही, हा न्याय तुकोबांच्या अभंगाला कुणी लावत नाही. तो भीमगीतालाच का?

आता जालन्याकडे या. वामनदादांनी पहिले गीत रचले तेव्हा कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर निजामाची सत्ता होती. ती गेली 17 सप्टेंबर 1948 ला. पुढे 1978 मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. तिथून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे माणसे टिकून राहिली, त्यात सभांचा आणि मोर्चांचा वाटा होता, तसाच रात्रभर चालणाऱ्या गायनाच्या कार्यक्रमांचाही होता. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आपली बाजू शोधावी लागते. गीतांच्या वह्यांत ती सरळ सापडते.

आणि नेमक्या त्याच वह्या आज रद्दीत चालल्या आहेत, कॅसेटना बुरशी लागली आहे. त्याहून गंभीर गोष्ट डीजेवर घडते. वामनदादा गीताच्या शेवटी 'वामन' अशी आपली नाममुद्रा गुंफत. रिमिक्समध्ये ध्रुवपद घोळवले जाते आणि शेवटचा अंतरा बऱ्याचदा कापला जातो. अंतऱ्याबरोबर कवीचे नावही जाते. ज्या माणसाने पाट्या वाचून अक्षर कमावले, त्याची सही आपणच पुसतो आहोत. याचा दोष कोणत्या मनुवाद्यावर टाकणार?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. येत्या जयंतीला गीत पूर्ण वाजवा, शेवटच्या अंतऱ्यासकट. गाण्याआधी मंचावरून कवीचे नाव घ्या. आपापल्या वस्तीतल्या जुन्या गायकांकडे जा, वहीच्या पानांचे फोटो काढा, कॅसेटचे आवाज उतरवून घ्या, चाल कुणाची आणि गीत कधीचे ते विचारून लिहून ठेवा. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे.

15 मे 2004 ला वामनदादा गेले. ते गात होते तेव्हा त्यांचे शब्द जपायला छापखाना पुढे आला नाही, वस्ती पुढे आली. ती जबाबदारी अजूनही वस्तीचीच आहे.

जयभीम!