जर्मन पोर्सेलीनच्या आधुनिक स्त्रीमूर्ती
जर्मनीतील पोर्सेलीन कारखान्यांनी साधारण १९०५ ते १९३५ या काळात घडवलेल्या, त्या काळच्या स्त्रीच्या छोटेखानी मूर्ती व त्यांचा संग्रह. नर्तकी, पोहण्याच्या पोशाखातली तरुणी, आखूड केसांची शहरी स्त्री हे त्यांतील नेहमीचे विषय.

माइसेन येथे १७१० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने अठराव्या शतकात घेरदार झग्यांतल्या सरदारणी आणि मेंढपाळणी लोकप्रिय केल्या. पुढे दीर्घकाळ इतर कारखानेही त्यांचीच नक्कल करत राहिले. कलावंतांनी कारखान्यांसाठी काम करावे, असा आग्रह १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेर्कबुंड’ संघटनेने धरला आणि वारे बदलले. माक्स आडोल्फ फायफरने १९०९ मध्ये थुरिंजियातील उंटरवाइसबाख येथे कार्यशाळा काढून एर्न्स्ट बार्लाखसारखा शिल्पकार या माध्यमाकडे आणला. फिलिप रोझेनथालने १९१० मध्ये झेल्ब येथे कलाविभाग उघडला.

या मूर्तींचे खरे वैभव नर्तकींमध्ये आहे. माइसेनसाठी पाउल शॉयरिखने रशियन बॅलेतील पात्रे घडवली. रोझेनथालसाठी कॉन्स्टान्टीन होल्त्सर-डेफांतीने १९१९ च्या सुमारास केलेल्या ‘कोरियन नृत्य’ या मूर्तीमागे बर्लिनची नर्तकी अनिता बेर्बर उभी आहे. तिलाच १९२५ मध्ये चित्रकार ओटो डिक्सने लाल पोशाखात रंगवले. १९२८ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी ती वारली. जुन्या मेंढपाळणीला नाव नव्हते. बेर्बर मात्र रंगभूमीवर स्वतःच्या कलेने जगणारी, नावागावाची आहे. संग्राहकाने सर्वांत आधी अशा मूर्ती शोधाव्यात.

स्वस्त मालही विपुल निघाला. इल्मेनाऊच्या गालुबा आणि होफमान यांच्या काही स्नानसुंदरींना मोहेरच्या केसांचे टोप व लेसचे कपडे असत. चहादाणीच्या झाकणावर किंवा टाचण्यांच्या गादीवर बसवायच्या अर्ध्या बाहुल्या पासाउ येथील ड्रेसेल-किस्टर कारखान्याने नाजूक हातांनिशी बनवल्या. त्यांना खेळणी समजून बाजूला सारणे योग्य नाही. केशरचना आणि पोशाखांचा तो विश्वासार्ह पुरावा आहे.

उज्जैनच्या फ्रीगंजमधील मराठी घरांना वेर्कबुंडच्या विचारपरंपरेचे जवळचे ठिकाण म्हणजे सुमारे ५५ कि. मी. वरील इंदूरचा माणिकबाग राजवाडा. वेर्कबुंडच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हेर्मान मुथेसिउसचा मुलगा एकार्ट याने तो १९३० ते १९३३ या काळात दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी सजवला. पाश्चात्त्य पोशाखातल्या महाराणी संयोगिताराजे (कागलच्या घाटगे घराण्यातील) यांची छायाचित्रकार मॅन रे यांनी काढलेली छायाचित्रे पाहिली, की जर्मन कारागीर ज्या नव्या स्त्रीला पोर्सेलीनमध्ये पकडू पाहत होते तिचे मराठी रूप समोर येते. राजवाड्यातील बरेच फर्निचर १९८० मध्ये मोनाको येथे लिलावात विकले गेले.

मूर्तीसाठी मातीचा पातळ घोळ प्लास्टरच्या अनेक साच्यांत ओततात, सुटे भाग जोडतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. भाजताना ती साधारण सहाव्या भागाने आक्रसते. खरेदीपूर्वी तळ पाहावा. माइसेनच्या निळ्या तलवारींच्या टोकांमध्ये ठिपका असेल, तर ती खूण १९२४–३४ या काळातील. खुणेवर आडवे खरवडे दिसले तर माल दुय्यम प्रतीचा. रोझेनथालच्या मूर्तींवर बहुधा शिल्पकाराचे नावही असते. माइसेनच्या तलवारींची नक्कल पूर्वीपासून होत आली आहे, शिवाय जुन्या साच्यांतून माइसेन आजही मूर्ती काढते; म्हणून केवळ खुणेवर विसंबू नये. व्हिएन्नाच्या गोल्डशायडर कारखान्याच्या नर्तकी बहुधा मातीकामाच्या आणि ऑस्ट्रियन असतात, तरी त्या अनेकदा जर्मन पोर्सेलीन म्हणून विकल्या जातात. बोटे, टाचा आणि पंख्याच्या कडा आधी तुटतात. तिथली दुरुस्ती अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळ्या रंगाने चमकून उघड होते.