जबलपूर
जबलपूर : मध्य प्रदेशातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथेच आहे. लोकसंख्या उपनगरांसह १२,६८,८४८ (२०११). १९०१ मध्ये ती ९०,३१६ होती. शहर नर्मदेच्या उत्तरेस, मुंबई–अलाहाबाद लोहमार्गावर वसले आहे.

इतिहास : जवळचे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. पुढे हा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडे गेला. १७८१ मध्ये तो सागरच्या मराठ्यांनी व नंतर नागपूरकर भोसल्यांनी घेतला. डिसेंबर १८१७ मध्ये येथे इंग्रजांचा अंमल बसला. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन त्रिपुरीस झाले.

ख्रिस्ती मिशन : जबलपूरमधील मिशनऱ्यांचे लक्ष शहराइतकेच मंडल्याकडील गोंडांवर होते. येथील अधिकारी डॉनल्ड मॅक्लाउड यांच्या प्रोत्साहनाने जर्मन धर्मगुरू गॉसनर यांनी बर्लिनहून पाठविलेली मंडळी १८४२ मध्ये अमरकंटकजवळच्या करंजियास उतरली. शेती व कारागिरी करून राहण्याचा त्यांचा बेत होता. कॉलऱ्याने चौघे दगावले आणि तो मोडला. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये जबलपुरात ठाणे उघडले व पुढे मंडल्यात गोंड मिशन काढले. तेथील मिशनरी एच. डी. विल्यमसन यांचे गोंडी व्याकरण १८९० मध्ये लंडनला छापले गेले. गोंडांना ख्रिस्ती पवित्र शास्त्र त्यांच्याच बोलीत सांगण्याच्या कामास त्याचा आधार झाला.

करंजियास १९३२ मध्ये इंग्रज पाद्री व्हेरिअर एल्विन व पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातील त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे येऊन राहिले. त्यांनी शाळा व दवाखाना चालविला, पण धर्मांतर करविले नाही. राजनिष्ठेची शपथ घेण्यास एल्विन तयार नसल्याने नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मकार्याचा परवाना नाकारला. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्च सोडले. हिवाळे यांनी प्रधान जमातीवर ग्रंथ लिहिला (१९४६). ख्रिस्ती धर्मशास्त्राचे पद्धतशीर अध्यापन मात्र जबलपूर शहरातच रुजले. मेथडिस्टांचे लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज (१९२३) सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न असून तेथे विविध पंथांचे विद्यार्थी शिकतात. रोमन कॅथलिक धर्मप्रांत १९५४ पासूनचा आहे. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचाही येथे धर्मप्रांत आहे.

उद्योग : तोफगाडे, दारूगोळा व लष्करी वाहनांचे सरकारी कारखाने, विडीधंदा. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय (२००३).

प्रेक्षणीय स्थळे : मदन महाल, भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार धबधबा व चौसष्ट योगिनी मंदिर.