बीदरचा मदरसा आणि आजची खुली विद्या

बीदरच्या जुन्या शहरात ख्वाजा महमूद गावानच्या मदरशाचा एक मनोरा आजही उभा आहे. इराणातील गिलानहून आलेल्या या बहामनी वजिराने १४७२ मध्ये ही तीन मजली वास्तू पूर्ण केली. तीत वर्ग होते, अध्यापक व विद्यार्थ्यांची निवासस्थाने होती आणि सुमारे तीन हजार ग्रंथांचा संग्रह होता. ग्रंथ आणि गुरू एका छपराखाली नांदत. शंका आली की उठून विचारता येई. मात्र तेथील विद्या अरबी-फारसीतली होती. भोवतालची रयत बोलत होती मराठी आणि कानडी.

हा भाषेचा उंबरठा पुढेही राहिला. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग खराच. पण ती भाषा उर्दू होती. मराठी मुलाला तीही शिकूनच घ्यावी लागे. म्हणूनच १९०७ मध्ये गुलबर्ग्यात सुरू झालेल्या नूतन विद्यालयासारख्या शाळांचे आणि गावोगावच्या मराठी वाचनालयांचे मोल मोठे. १९५६ मध्ये हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेल्यावर तर वाचनालय हेच अनेकांचे मराठी घर झाले.

आज विद्येचे दार पूर्वी कधी नव्हते इतके रुंद उघडले आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम इंटरनेटवरून सर्वांना विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. २०१७ मध्ये भारत सरकारचे ‘स्वयम्’ सुरू झाले. औराद वा आळंदचा विद्यार्थी आता नामांकित संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने घरी बसून ऐकू शकतो. गावानला हे पाहून आनंदच झाला असता.

परंतु दारातून आत शिरणे वेगळे आणि शेवटपर्यंत टिकणे वेगळे. स्टॅनफर्डचा तो अभ्यासक्रम पूर्ण करणारे वीस हजारांच्या आसपासच होते. आपल्याकडे शिकणे विनामूल्य असले, तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. माझ्या विद्यार्थ्यांत मी पाहत आलो आहे, की एकटी बसणारी मुले तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. दोघे-तिघे मिळून बसणारी तग धरतात. बुद्धी दोघांना सारखीच असते, उणीव सोबतीची असते.

ही सोबत देणे ग्रंथालयाच्या आवाक्यात आहे. एक संगणक, एक टेबल, आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि इंग्रजीतले मराठीत उलगडून सांगणारा एखादा निवृत्त शिक्षक, एवढी सामग्री पुरे. शंभर वर्षे आपण पुस्तक वाचकाच्या हाती दिले. यापुढे शिकणाऱ्याचा हातही धरावा. गावानच्या मदरशाचा तेवढा वारसा आपण नक्कीच चालवू शकतो.