टायरच्या कडेवरचा इतिहास

टायर बदलायची वेळ आली की आमच्या नात्यातला कुणी ना कुणी फोन करतो, "कोणत्या कंपनीचे घालू रे?" माझं उत्तर ठरलेलं. कंपनीचं नंतर बघू, आधी टायरच्या कडेवर काय लिहिलंय ते वाच. त्या बारीक अक्षरांत बराच इतिहास दडलाय, आणि त्यातल्या काही अक्षरांसाठी लोकांनी जीव गमावलेत.

आपल्या आल्टोचा साधा टायर घ्या. १४५/८० आर १२ ७४ टी. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १२ इंची. ७४ म्हणजे एका टायरने पेलायचं जास्तीत जास्त वजन ३७५ किलो आणि टी म्हणजे वेगमर्यादा ताशी १९० किलोमीटर. मिलिमीटर आणि इंच एकाच ओळीत कसे नांदतात, देव जाणे! जुन्या ॲम्बॅसडरवर नुसतं ५.९०-१५ असायचं, सगळं इंचात.

यातला 'आर' म्हणजे रेडियल. पूर्वीच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जायचे. भार आला की बाजू दबायची आणि तिच्याबरोबर रस्त्यावर टेकणारा भागही वाकडातिकडा व्हायचा. मग टायर तापणार, झिजणार. फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ साली धागे सरळ आडवे टाकून वर पोलादी तारांचा पट्टा बसवायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि १९४९ मध्ये तो टायर बाजारात आणला. बाजू हवी तेवढी लवचिक, वरचा भाग मात्र सपाट. टायर कितीतरी जास्त टिकू लागले.

अमेरिकन कंपन्या बरीच वर्षं ढिम्म होत्या. नंतर घाई झाली. फायरस्टोनच्या ५०० मालिकेतल्या रेडियलचे पट्टे धावत्या गाडीत सुटू लागले, माणसं मेली, आणि १९७८ मध्ये लाखो टायर परत घ्यावे लागले. २००० साली याच कंपनीवर पुन्हा ती वेळ आली, या खेपेला सुमारे ६५ लाख टायर. फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटून अमेरिकेत अडीचशेहून जास्त माणसं गेली होती. टायरमधली कमी हवा आणि त्यामुळे वाढणारी उष्णता हा तेव्हा मोठा वादाचा मुद्दा होता. त्यानंतर तिथे नवा कायदा झाला आणि २००७ पासून नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला.

आणखी एक आकडा बघाच. कडेवर लंबगोलात चार अंक असतात. १५२३ म्हणजे २०२३ सालचा पंधरावा आठवडा. २००० च्या आधी हे अंक तीनच होते, त्यामुळे टायर कुठल्या दशकातला ते नीट कळायचं नाही. रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं. 'नवीन' म्हणून दुकानात चार वर्षं पडलेला टायर कुणी गळ्यात मारू नये, म्हणून हा आकडा वाचायचा.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते स्टेपनीला. हा शब्द आला वेल्समधल्या लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली, कारण तेव्हा गाडीबरोबर ते मिळतच नसे. आता तो धंदा राहिला नाही, पण शब्द आपल्याकडे अजून ठणठणीत आहे.

तर मंडळी, टायर घेताना गाडीच्या दारावर चिकटवलेलं माप पाळा, वजनाचा आणि वेगाचा आकडा त्याहून कमी नको, एका ॲक्सलवर दोन्ही टायर सारखेच हवेत. खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर गोटा व्हायची वाट बघू नका. आणि डिकी उघडून स्टेपनीचे ते चार अंकही एकदा वाचा. बहुतेकांची स्टेपनी गाडीच्याच वयाची निघते!